छेरछेऱ्याच्या सकाळचा सायरन

पूस लागला. आमच्या रायपूरला पौष म्हणणारे थोडे, पूस म्हणणारेच जास्त. गुढियारीच्या मालधक्क्याकडून येणाऱ्या ट्रकांचे दिवे ऊन निघायच्या वेळेलाही जळत असले, गोल बाजारात नव्या तांदळाची पोती दुकानाबाहेर येऊन बसली आणि शेजारच्या स्वयंपाकघरातून फऱ्याच्या वाफेचा वास भिंत ओलांडून आला, की समजायचं महिना बदलला. फरा म्हणजे भाताचे आणि तांदळाच्या पिठाचे उकडलेले लांबट गोळे. आमच्या विदर्भाकडच्या माणसांना तो आधी फिका लागतो आणि मग सोडवत नाही. लहानपणापासून माझा हा सगळ्यात लाडका महिना. पण गेली काही वर्षं पूस आला की माझं अर्धं लक्ष फोनकडे लागलेलं असतं. कुणाचाही फोन जरा मोठ्यानं वाजला की मी हातातलं टाकून फाटकाशी जाते.

यंदा महिना लागताच एका सकाळी पाऱ्याच्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्याच्या, ग्रुपवर पहिला संदेश आला. ‘सतर्क रहें.’ खाली एक व्हिडिओ. मी तो उघडला नाही. फोन पालथा ठेवला आणि कणीक मळायला घेतली, पण हात मळत होते आणि मन त्या एका सकाळीकडे चाललं होतं.

माझं काम खोट काढण्याचं. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी घरी बसून सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यानं बनवलेली वस्तू घ्यायची, ती कुठं कुठं मोडते ते बघायचं आणि बनवणाऱ्याला राग येणार नाही अशा भाषेत कळवायचं. बनवणारा धरून चालतो की वापरणारा शहाणा असेल, वाचून मग बटण दाबेल. मी धरून चालते की तो घाईत असेल, चष्मा विसरला असेल, घाबरलेला असेल, नाहीतर नुसताच आगाऊ असेल. बहुतेक वेळा मीच बरोबर निघते, आणि त्याचा मला आनंद होतो असं नाही. लोकांना यातलं काही कळत नाही. ‘कॉम्प्युटरमध्ये आहेस ना, मग जरा प्रिंटर बघ’ एवढीच माझी किंमत. सुनील, माझा नवरा, म्हणतो, “तू भाजी घेतानाही टेस्टिंग करते.” आम्ही एकाच शाळेत होतो, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी जमलंच नाही.

सुनील रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आहे. तिथं सही-शिक्क्याशिवाय खोकं जागचं हलू देत नाही. पावतीवरचं एक अक्षर पुसट असलं तरी माणसाला परत पाठवतो. आणि हाच गृहस्थ फोनवर आलेली बातमी, कुठून आली, कोणी पाठवली, काही न बघता पुढं ढकलतो. मी एकदा चिडून विचारलं, “काहून पाठवतोस रे? खरं आहे का ते?”

“मले काय माहीत,” तो म्हणाला, “पण खरं निघालं तं? सांगून ठेवलेलं बरं.”

माझ्या मते सगळ्या आंतरजालाचं दुखणं या एका वाक्यात आहे. खोटं बोलायची हौस फार थोड्यांना असते. बाकीचे सगळे सुनीलसारखे भले, काळजीवाहू, खबरदारी म्हणून पाठवणारे. भल्या माणसांना अडवायचं कसं हे मला अजून कळलेलं नाही.

त्या वर्षीचा पूस मुलं पळवणाऱ्यांच्या बातम्या घेऊनच आला होता. रोज नवा व्हिडिओ. एकात तर माणसांनी कुणाला तरी घेरलेलं, भाषा आपली नाही, मागे नारळाची झाडं, आणि खाली लिहिलेलं, ‘रायपुर के पास की घटना.’ मी ग्रुपवर लिहिलं की रायपूरजवळ अशी नारळाची बनं कुठं आहेत? लगेच उत्तर आलं, ‘दीदी, पेड़ मत देखो, बच्चे देखो.’ त्याला भराभर अंगठे आले. माझ्या प्रश्नाला एकही नाही. त्यानंतर पाऱ्यातली मुलं मैदानात खेळायची बंद झाली. केस घेऊन भांडी देणाऱ्या बायका यायच्या, त्यांना हाकललं. संध्याकाळी माणसं फाटकाशी उभी राहून अनोळखी स्कूटरचे नंबर फोनमध्ये टिपून घ्यायची. थंडी होती, शेकोट्या होत्या, नवा गूळ होता, आणि सगळ्यांच्या मानेवर कुणीतरी गार हात ठेवल्यासारखं वाटत होतं.

अशात मेश्राम काकूंचा धाकटा, निखिल, बंगळुरूहून सुट्टीवर आला. काकू आमच्या शेजारच्या. नवरा गेल्यावर एकटीनं दोन पोरं शिकवली, त्यामुळे निखिलचा अभिमान त्यांना शोभतो. लोकांची भीती बघून निखिलनं चार-पाच दिवसांत पाऱ्यासाठी एक अॅप बनवलं. नाव ‘पहरा’. त्यात एकच मोठं लाल बटण. संशयित दिसला की फोटो काढायचा, एक ओळ लिहायची, बटण दाबायचं. मग पाऱ्यातल्या सगळ्या फोनवर सायरन वाजणार, फोन मुका केलेला असला तरी. पडद्यावर फोटो आणि कुठं पळत जायचं ते दाखवणारा बाण.

निखिलनं ते मला तपासायला दिलं. गच्चीवर उन्हात बसून बोरं खात आम्ही ते बघितलं. पोरगं हुशार, काम सफाईदार. पण माझा स्वभाव जाईल कुठं?

“निखिल, चुकून दाबलं गेलं तर मागं कसं घ्यायचं?”

“दीदी, चुकून कौन दबाएगा? पूछता है ना, पक्का भेजना है?”

“घाबरलेला माणूस प्रत्येक प्रश्नाला हो म्हणतो, बाबा.”

“वो वर्जन टू में डाल देंगे.”

आमच्या धंद्यात सगळी शहाणपणाची कामं दुसऱ्या आवृत्तीत जाऊन बसतात. मी आणखी एक खोट दाखवली. कुणी नवी सूचना पाठवली की जुनी पुसली जायची, सगळ्यांचे बाण एकदम नव्या जागेकडे वळायचे. दोन ठिकाणी एकदम काही झालं तर काय, असं मी विचारलं. तो हसला, “एक पारे में दो चोर? दीदी, आप भी ना!” काकू पायरीवर उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, “वंदना, पोट्ट्यानं एवढं केलं, त्याचं कौतुक कर ना आधी.” मी केलं कौतुक. संध्याकाळी सगळ्यांनी अॅप आपापल्या फोनमध्ये घेतलं, समोसे वाटले गेले, आणि सायरन वाजवून बघितला तेव्हा पाऱ्यातली कुत्री कितीतरी वेळ भुंकत राहिली.

पुसाची पुनव म्हणजे छेरछेरा. महाराष्ट्रातल्या वाचकांना हा सण ठाऊक नसेल. धान घरात आलेलं असतं. त्या दिवशी मुलं, कधी मोठी माणसंही, पिशव्या घेऊन दारोदार ‘छेरछेरा’ म्हणत फिरतात, आणि प्रत्येक घरानं ओंजळभर का होईना, धान घालायचं. नाही म्हणायचं नाही, आणि मागायला लाजायचं नाही. माझे बाबा भंडाऱ्याकडून रेल्वेत नोकरीला म्हणून इथं आले. आम्ही बौद्ध. देवाच्या नावानं दारी येणाऱ्याला बाबा सरळ सांगायचे, हातपाय धड हायेत, काम कर. पण छेरछेऱ्याला मात्र पहाटेपासून धानाचं टोपलं घेऊन दारात बसायचे. आईनं टोचलं की म्हणायचे, “हा देवाचा नाही, धानाचा सण हाये. आज कोणी भिकारी नाही अन् कोणी मालक नाही.” मीही लहानपणी फ्रॉकचा ओचा करून फिरले आहे. ओच्यात धान पडताना होणारा आवाज आणि त्याचं खरबरीत ऊबदार वजन मला आजही आठवतं. गाव सोडून आलेल्या माणसाला दुसऱ्याचा सण आपला वाटायला काय लागतं, ते मी त्या टोपल्याशेजारी बसून शिकले.

त्या वर्षी ग्रुपवर चर्चा झाली की मुलांना छेरछेऱ्याला पाठवायचं का. बरेच जण नको म्हणाले. मी हट्टानं सांचीला पाठवलं. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिला बघून काकूंचा नातू गोलू निघाला, मग आणखी चार-पाच. सुनील बाजारात जाताना कुरकुरला, “आजच्या दिवस घरी ठेवली असती तं काय बिघडलं असतं?” मी त्याला पिशवी हातात देऊन वाटेला लावलं.

थोड्या वेळानं गल्लीतून करतालीचा आवाज आला, आणि त्यावर चढत गेलेला एक भरदार, किंचित फाटलेला आवाज. बसदेवा! आपल्या वासुदेवाचा हा छत्तीसगढी भाऊबंद. धान निघालं की ही माणसं गावोगाव फिरतात, गोष्टी गातात, घरधन्याचं नाव विचारून ते गाण्यात गुंफतात आणि त्याची कोठी भरो म्हणून आशीर्वाद देतात. गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात बंडी, खांद्याला झोळी, डोक्यावर पिवळं पागोटं आणि त्यात खोचलेली कृष्णाची इवली पितळी मूर्ती. शहरात असा माणूस मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. मी सूप भरून धान घातलं. देवाचं गाणं म्हणून बाबांनी नाक मुरडलं असतं, पण धान घातलंच असतं. मुलं तोवर त्याच्याभोवती जमली होती. सांचीनं मला हळूच व्यवहार सांगितला, “मम्मी, ये गाते हैं तो आंटी लोग डबल देती हैं.” तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीतच. तो गाणार, हे मागणार, अशी त्यांची भागीदारी ठरली होती. सगळी वरात गल्लीच्या वळणावरून पाण्याच्या टाकीकडे गेली आणि मी हसत आत आले.

मग सायरन वाजला.

माझ्या फोनवर, शेजारच्या घरात, समोरच्या घरात, सगळीकडे एकदम. पडद्यावर फोटो. पाठमोरा माणूस, खांद्याला मोठी झोळी, आणि त्याच्यामागे चाललेली मुलं. सांचीचा लाल स्वेटर. खाली लिहिलेलं, ‘बोरीवाला बच्चों को ले जा रहा है.’

खरं सांगते, क्षणभर मीही फसले. मी त्या माणसाला आत्ताच धान घातलं होतं, मुलं माझ्या डोळ्यांसमोरून गेली होती, तरी तो फोटो बघून मला वाटलं, खरंच घेऊन चाललाय की काय! फोटोत खोटं काहीच नव्हतं. माणूस होता, झोळी होती, मुलं मागे होती. फक्त गाणं ऐकू येत नव्हतं.

भानावर येऊन मी काकूंना फोन लावला, कारण सूचना पाठवणाऱ्याच्या जागी नाव त्यांचं होतं. त्यांच्या गच्चीवरून टाकीचा रस्ता दिसतो. फोन लागेना. सुनीलला लावला, उचलेना. ग्रुपवर लिहिलं, ‘तो बसदेवा आहे, आत्ता माझ्या दारी येऊन गेला, त्याला सोडा.’ माझा संदेश वर सरकत नाहीसा झाला. खालून दुसरे येत होते. ‘टंकी के पास.’ ‘पकड़ लिया.’ ‘छोड़ना मत.’ ‘सब आओ.’ मी हिंदीत लिहिलं. कुणीतरी उत्तर दिलं, ‘दीदी आप घर में रहो.’ पोलिसांना फोन केला, त्यांनी पत्ता विचारला, गाडी निघते म्हणाले. निघाली असेलही. पण टाकीशी काय चाललंय ते कुणीतरी आवाज टिपून पाठवलं होतं. त्यात शब्द कळत नव्हते. करताल रस्त्यावर पडल्याचा आवाज मात्र मला कळला.

निखिल दोन दिवसांपूर्वीच बंगळुरूला परतला होता. त्यानं फोन उचलला.

“निखिल, सूचना पुसून टाक. आत्ताच्या आत्ता. ते माणूस मारतील.”

“दीदी, मैं इधर से डिलीट कर देता हूँ, पर जिनके फोन पे बज गया, उनका तो…” मागे कीबोर्डचा खडखडाट. “वापस लेने का तो बनाया ही नहीं.”

पळत जावं तर टाकी पाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि जाऊन करणार काय? त्या कोंडाळ्यात बाईमाणसाचा आवाज आत पोचला असता का? मी फाटकापर्यंत गेले, परत आले. अॅप उघडलं. लाल बटण समोर होतं. आणि मला ती दुसरी खोट आठवली. नवी सूचना आली की जुनी पुसली जाते.

मी माझ्याच फाटकाचा फोटो काढला. लिहिलं, ‘असली बच्चा चोर यहाँ है. जल्दी आओ.’ अॅपनं विचारलं, पक्का भेजना है? मी हो म्हटलं.

सायरन पुन्हा वाजला. घराघरांतून, गल्लीतून, आणि दूर टाकीच्या बाजूनंही, खूप सारे फोन एकत्र. मी फाटकाच्या ओट्यावर चढून उभी राहिले. आयुष्यभर मी मोडक्या वस्तू शोधून दुरुस्त करायला पाठवल्या. मोडकी वस्तू तशीच हातात घेऊन वापरायची ही पहिलीच वेळ. ती चालली नसती तर काय, हा विचार मी मनात येऊ दिला नाही.

आधी पावलांचा आवाज आला. मग वळणावरून माणसं. कुणाच्या हातात स्टंप, कुणाच्या हातात पाइप, एकाच्या पायात चप्पल नाही. सगळे तोंडओळखीचे. दूधवाला, ट्यूशनचे सर, गणपतीची वर्गणी मागायला येणारी पोरं. माझ्याकडे बघत नव्हते ते, माझ्या मागे बघत होते, घरात. मी सगळा श्वास एकवटून ओरडले, “इथं कोणी नाही! मी बोलावलं तुम्हाला! मैंने बुलाया! मुलं ठीक आहेत. तो गाणारा माणूस आहे, आत्ता माझ्या दारात गाऊन गेला!”

कुणी थांबलं, कुणी मागून ढकललं गेलं, कुणी शिवी दिली. आणि त्या सगळ्यांना दूर सारत सगळ्यात पुढे सुनील आला. आपल्याच घराचा बाण दिसल्यावर तो जिवाच्या आकांतानं पळाला असणार. तोंडाला फेस. डोळे माझ्या ओळखीचे नव्हते.

“सांची? सांची कुठं हाये?”

मी त्याच्या हाताकडे बघत होते. त्याच्या मुठीत पिवळ्या कापडाची लांब पट्टी होती. एक टोक मुठीत, बाकीचं धुळीतून त्याच्यामागं ओढत आलेलं.

“सुनील,” मी म्हटलं, “हातात काय आहे तुझ्या?”

त्यानं खाली बघितलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याचा चेहरा असा काही उतरला की तो मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. उंदीर सापळ्यात सापडला तर दूर मैदानात नेऊन सोडणारा माझा नवरा.

कापड त्याच्या हातातून मी घेतलं आणि टाकीकडे गेले. गर्दी पांगली होती. मुलं चहाच्या टपरीशी एकमेकांना धरून उभी होती. टपरीवाल्या बाईनं बसदेव्याला बाकावर बसवलं होतं. भुवईवरून रक्त ओघळलेलं, बंडी फाटलेली, धान सगळीकडे सांडलेलं. मूर्ती त्याच्या मांडीवर होती. मी पागोटं पुढं केलं तसा तो दचकून मागं सरकला. मग ओळखून त्यानं ते घेतलं, पण गुंडाळेना. टपरीवाली दवाखान्यात चला म्हणत होती. तो माझ्याकडे बघत राहिला आणि अगदी हळू म्हणाला, “मैं जाँव, बाई?”

जायची परवानगी मागत होता. पोलिसांची गाडी आली, त्यांनीच त्याला पट्टी बांधायला नेलं. दुसऱ्या दिवशी मी स्टेशनपलीकडच्या मैदानात बसदेव्यांचा डेरा शोधला, तर नुसती चुलींची राख होती.

मेश्राम काकू त्या संध्याकाळी आल्या. मी भांडायच्या तयारीनंच बसले होते. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. “मी काय चुकीचं केलं, सांग? गोलू त्याच्या मागं मागं जाऊन राहिला होता. गच्चीवरून हाक मारली तं वळूनही पाहे ना. माह्या जागी तू असती तं काय केलं असतं?” आणि मग एकदम पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. त्यांच्या जागी मी काय केलं असतं, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मला राग होता. तो कुणावर काढायचा तेवढं सापडत नव्हतं.

सांचीनं मात्र ते शोधून दिलं. जेवताना, पोळीचा तुकडा मोडता मोडता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, “हम लोग चिल्ला रहे थे कि ये गाना वाले बाबा हैं. पापा ने सुना नहीं. पापा ने ही पगड़ी खींची.” सुनील समोर बसला होता. त्यानं ताट सरकवलं नाही, उठला नाही, तसाच खाली मान घालून बसून राहिला. पुढचा महिनाभर शाळेत सोडायला सांची मलाच सांगत राहिली. सुनील रोज गाडी पुसून तयार ठेवायचा आणि ती माझं बोट धरायची.

निखिलनं दुसरी आवृत्ती काढली. तीत मागे घ्यायचं बटण होतं, मोठं, हिरवं. पण तोवर लोकांनी एकेक करून अॅप काढून टाकलं होतं. मला वाटलं, चला, लाज तरी वाटली. विचारलं तर म्हणाले, “बॅटरी बहुत खाता था.” त्या सकाळीबद्दल ग्रुपवर एक शब्द नाही. दोन दिवसांनी पुन्हा फुलं आणि सुप्रभात. माणसाची कातडी सोलणाऱ्या गोष्टी आणि गुलाबाची फुलं एकाच पडद्यावर, एकाच बोटानं सरकवत जायची सवय आपल्याला लागली आहे, आणि मला तिची त्या व्हिडिओंपेक्षा जास्त भीती वाटते.

सुनील आता काही पुढं पाठवत नाही. सणाच्या शुभेच्छाही नाही. मित्र त्याला चिडवतात. तो हसतो. आमच्यात त्या विषयावर बोलणं झालेलं नाही. एकदाच, गाडी चालवताना, पुढं बघत म्हणाला, “मले तिचा फक्त स्वेटर दिसला होता, वंदना.” मी म्हटलं, “मलाही आधी तोच दिसला.”

आज छेरछेरा. सकाळी मुलं येऊन गेली, यंदा जरा जास्तच. सांची आता मोठी झाली, मागायला जायची लाज वाटते, पण धान तिनंच वाढलं. ऊन जरा चढलं आणि गल्लीतून करताल ऐकू आली. मी स्वयंपाकघरात होते. हात तिथंच थांबले. सुनील पेपर वाचत होता. त्यानं पेपर ठेवला, सूप उचललं, धानानं काठोकाठ भरलं आणि माझ्याकडे न बघता फाटकाकडे गेला. सांची खिडकीशी येऊन उभी राहिली. मी तिच्यामागे.

तोच होता. भुवईवर पांढरी रेघ. आवाज तसाच भरदार, जरा जास्त फाटलेला. त्यानं सुनीलकडे बघितलं, आणि ओळखल्याचं त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. रीतीप्रमाणे घरधन्याचं नाव विचारलं. सुनीलनं ते पुटपुटल्यासारखं सांगितलं. मग बसदेव्यानं ते नाव गाण्यात घेतलं, सुनील दाऊची, म्हणजे सुनील मालकांची, कोठी भरो, लेकरं सुखी राहोत, असं गात गेला. गाताना एका हातानं तो करताल वाजवत होता. दुसरा हात त्यानं डोक्यावर ठेवला होता. पागोटं धरून. कडवं संपलं, सुनीलनं धान ओतलं, त्यानं झोळी सावरायला हवी होती, तरी तो हात खाली आला नाही. अर्धं धान ओट्यावर सांडलं.

सुनीलला ओळखलं असेल म्हणून, असं मला वाटलं. पण तो काकूंच्या दारी गेला, तिथंही हात डोक्यावरच होता. त्याच्या पुढच्या दारी तसाच. त्याच्याही पुढच्या. रिकामं सूप घेऊन सुनील फाटकात उभा राहून बघत होता. सांची बाहेर गेली, त्याच्या शेजारी खाली बसली आणि सांडलेलं धान भरायला लागली.